सोना दहा, सोना एक

बुधवार

ह्यूस्टनला लेकीकडे आल्यावर पहिल्याच सकाळी चहा टाकताना वेलचीचं पाकीट उलटं करून वाचलं. अकोल्यात सहकारी बँकेच्या कॅश काउंटरवर एकतीस वर्षं काढल्यावर एक खोड जन्माची लागते. कागद हातात आला की मागची बाजू बघायचीच. दुकान गुजराती, पाकिटावर लक्ष्मी, आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं, उत्पादन ग्वाटेमाला. मला तोवर वाटत होतं, वेलदोडा म्हणजे केरळ.

तीन आठवड्यांनी लेक म्हणाली, "आई, मला ऑफिसच्या कामाने ग्वाटेमाला सिटीला जायचंय. चार रात्री. तू इथे एकटी राहशील?"

ह्यूस्टनच्या उपनगरात गाडी चालवता न येणारं माणूस म्हणजे स्थानबद्ध. इथे एकटी राहण्यापेक्षा तिथे एकटी राहते म्हटलं.

यावर जावयांनी सात पानांची सूचनावली छापून हातात दिली. आई, रस्त्यात फोन बाहेर काढायचा नाही. लाल बसमध्ये चढायचं नाही, रस्त्यात हात करून टॅक्सी थांबवायची नाही. अंधार पडायच्या आत हॉटेलात. कोणी काही मागितलं तर हुज्जत न घालता देऊन टाकायचं. आणि अंगावर सोनं नको. मंगळसूत्र ह्यूस्टनच्या कपाटात गेलं. अकोल्याला फोन करून ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "चला, सुटलो एकदाचा!"

पैशांची व्यवस्था मी माझ्या पद्धतीने केली. पर्समध्ये थोडे, चोराला द्यायला. परकराच्या चोरखिशात जास्त. तिसरी जागा मी लेकीलाही सांगितली नाही.

विमान तीन तासांचं. उतरताना डावीकडे ज्वालामुखींची रांग दिसते, त्यातला फुएगो शांतपणे धूर सोडत होता, चूल नीट पेटली नसावी तसा. मग एकाएकी घरं, घरांमध्ये खोल दऱ्या, दऱ्यांच्या उतारावर चिकटलेले पत्रे, आणि चाकं टेकलीसुद्धा. ला आउरोरा विमानतळ शहराच्या पोटातच आहे. व्हिशाबद्दल लेकीने दूतावासाकडून लेखी उत्तर मागवून छापून आणलं होतं. खिडकीतल्या माणसाने ते न वाचताच माझ्या पासपोर्टातला अमेरिकेचा व्हिसा चाळला आणि शिक्का मारला. शिक्का मारण्याची त्याची पद्धत मला आवडली. शाईवर एकदा, कागदावर एकदा, मध्ये हात रेंगाळत नाही.

हॉटेलची गाडी आली होती. ड्रायव्हरने विचारलं, "सोना दिएस?" मी दचकले. सोनं कुठंय माझ्याकडे? लेक हसायला लागली. स्पॅनिशमध्ये विभागाला 'सोना' म्हणतात, दिएस म्हणजे दहा. हे शहर अशा विभागांत कापलंय. एकपासून सुरुवात करून ते जिलबीसारखे गोल गोल बाहेर जातात, पंचवीसपर्यंत. मधले वीस, बावीस आणि तेवीस नाहीतच. शहाण्या पाहुण्याने दहात राहावं, एकात दिवसा जावं, आणि काही आकड्यांचं नावच काढू नये, असं जावयांच्या चौथ्या पानावर होतं.

गुरुवार

लेक सकाळी साडेसातला ऑफिसात गेली. मी दहा वाजेपर्यंत खिडकीत बसले. फेब्रुवारी, ऊन कोवळं, हवा आपल्या चिखलदऱ्यासारखी. शहर दीड हजार मीटरवर आहे, म्हणून पंखासुद्धा लागत नाही. समोरच्या फार्मसीच्या दारात एक पोरगेला माणूस आखूड नळीची बंदूक घेऊन उभा होता. औषधं विकत घेणाऱ्या आजीबाईंना दार उघडून देत होता, बंदूक एका हातात, दार दुसऱ्या हातात.

बंदूकवाला पहारेकरी मला नवा नाही. आमच्या शाखेतही दुनळी घेऊन एक मामा बसायचे. त्यातलं काडतूस कधीचं होतं ते फक्त त्यांना आणि मॅनेजरला ठाऊक. पण इथे बँकेसमोर, बेकरीसमोर, कोंबडीच्या दुकानासमोर, कोल्ड्रिंकच्या ट्रकवरसुद्धा. हॉटेलपासून दोन गल्ल्यांवरच्या कॉफीच्या दुकानापर्यंत मी अकरा बंदुका मोजल्या. पहिल्या तीनला पोटात गोळा आला. सातव्याला मी 'बुएनोस दियास' म्हटलं. अकरावा म्हणाला, "पासे, सेन्यो," आणि दार धरलं. सेन्यो म्हणजे बाई, पण जरा मायेने, आपण 'मावशी' म्हणतो तसं.

कॉफीच्या दुकानात एक गोष्ट पाहिली. खाऊन उठलेला माणूस जाताना शेजारच्या टेबलांवर अनोळखी लोकांना 'बुएन प्रोवेचो' म्हणून जातो. म्हणजे अन्न अंगी लागो. टाय लावलेला साहेब असो की फरशी पुसणारी पोर, कोणी चुकवत नाही. मीही म्हणून आले. चारपाच टेबलांवरून उत्तर आलं. बाहेर बंदूक, आत हे.

दुपारी हॉटेलच्याच गाडीने इश्चेल संग्रहालय. ते विद्यापीठाच्या आवारात, दरीच्या कडेला झाडीत आहे. तिथे फक्त माया, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी लोकांच्या, बायकांचे कपडे. विपील नावाचं पोलकं, दोनतीन पट्ट्या जोडून मध्ये डोक्यापुरतं भोक. माग कमरेला बांधायचा, दुसरं टोक झाडाला, आणि अंगाच्या ताणावर विणायचं. बाई मागे रेलली की ताणे घट्ट, पुढे झुकली की सैल. कोणत्या गावची बाई हे विपीलवरून कळतं. एका पोलक्यासमोर मी बराच वेळ उभी होते. त्यावर दोन डोक्यांचा गरुड होता. विणणारीने एका डोक्याचा डोळा लाल केला होता आणि दुसऱ्याचा करायचा विसरली होती. की मुद्दाम सोडला होता?

सहाला सूर्य गेला. साडेपाचला मी खोलीत होते.

शुक्रवार

आज सोना एक. लेकीने ऑफिसातल्या लोकांच्या ओळखीचा एक ड्रायव्हर सकाळभर ठरवून दिला. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट. इंग्रजी त्याला माझ्या स्पॅनिशइतकीच येत होती, म्हणजे दोघं समान पातळीवर.

हे शहर मुळात इथलं नाही. जुनी राजधानी डोंगरापलीकडे, आजच्या आंतिग्वाला होती. 1773 च्या भूकंपात ती कोसळली, आणि स्पॅनिश सरकारने 1776 मध्ये राजधानी या पठारावर उचलून आणली. भूकंपाला घाबरून हललेलं शहर, आणि तोही मागोमाग आला. 1917-18 च्या धक्क्यांत बरंचसं पडलं. 4 फेब्रुवारी 1976 च्या पहाटेच्या धक्क्यात देशभरात सुमारे तेवीस हजार माणसं गेली.

मधल्या चौकात राष्ट्राध्यक्षांचा जुना राजवाडा आहे. होर्हे उबिको या हुकूमशहाने 1939 ते 1943 मध्ये बांधून घेतला. दगड हिरवट, म्हणून लोक त्याला 'ग्वाकामोलोन' म्हणतात, म्हणजे अव्होकाडोच्या चटणीचा मोठा गोळा. हुकूमशहाच्या वाड्याला चटणी म्हणणारे लोक मला आवडले. आत अंगणात दोन हातांचं शिल्प आहे आणि त्या हातांत पांढरं गुलाब. 29 डिसेंबर 1996 ला याच वाड्यात छत्तीस वर्षांचं यादवी युद्ध संपवणाऱ्या करारावर सह्या झाल्या. त्या युद्धात दोन लाखांहून जास्त माणसं मेली किंवा नाहीशी झाली, बहुतेक माया खेड्यांतली. गुलाब खरं असतं, कोमेजलं की बदलतात.

चौकाच्या पूर्वेला कॅथीड्रल. तिच्या पुढच्या अंगणाच्या खांबांवर नावं कोरली आहेत, वरपासून खालपर्यंत, गावागावांच्या हिशेबाने. मारलेल्यांची, आणि कुठे गेले तेच न कळलेल्यांची. ही नावं चर्चनेच साक्षी घेऊन गोळा केली. त्या कामाचे प्रमुख बिशप हुआन हेरार्दी. त्यांनी 24 एप्रिल 1998 ला अहवाल याच कॅथीड्रलमध्ये सादर केला, आणि 26 तारखेच्या रात्री इथून थोड्याच गल्ल्यांवर, स्वतःच्या घराच्या गॅरेजमध्ये, त्यांना ठेचून मारण्यात आलं. 2001 मध्ये तीन लष्करी माणसांना आणि एका पाद्र्याला शिक्षा झाली. ड्रायव्हर म्हणाला, "वाचायला वेळ लागतो, घ्या." स्वतः मात्र पायऱ्यांच्या वर आला नाही. मी एका खांबाची एक बाजू वाचली. एकाच आडनावाची सात नावं एकाखाली एक होती. पुढे वाचवेना.

मग सहाव्या अव्हेन्यूवरून चालत. इथे आता गाड्या बंद आहेत. मारिंबा वाजवणारे म्हातारे, एकाच वाद्यावर तिघं, लाकडी पट्ट्यांवर सहा काठ्या. खानावळीत पेपियान मागवलं. भोपळ्याच्या बिया, तीळ, सुक्या मिरच्या, टोमॅटो, सगळं तव्यावर काळपट होईतो भाजून, वाटून केलेला रस्सा, त्यात कोंबडी. आमच्या वऱ्हाडी वाटणाची चुलत बहीणच, फक्त तिखट कमी. सोबत लाल सरबत. एक घोट घेतला आणि ओळखलं, ही तर अंबाडीची बोंडं! इथे तिला 'रोसा दे हमाइका' म्हणतात. आमच्याकडे अंबाडी म्हणजे भाजी, इथे मेजवानीचं सरबत. कोपऱ्यात दोघी बायका मक्याचे गोळे हातावर थापत होत्या. पट्, पट्, पट्. मका आधी चुन्याच्या पाण्यात भिजवतात. डोळे मिटले तर आईच्या स्वयंपाकघरातली भाकरी, फक्त आवाज जरा बारीक.

इथवर जावयांची सात पानं तंतोतंत पाळली होती.

बाहेर आले तर ड्रायव्हर हात चोळत उभा. "फीहेसे के…" या दोन शब्दांची महती लेकीने सांगितली होती. इथल्या माणसाने वाक्य 'फीहेसे के'ने सुरू केलं की समजावं, काहीतरी बिघडलंय आणि तो आता सांगणार आहे. आपण 'त्याचं काय झालं ना…' म्हणतो तेच. क्लच गेला होता. त्याने ओळखीच्या एका पांढऱ्या टॅक्सीत मला बसवलं, भाडं ठरवून दिलं, टॅक्सीवाल्याला चार गोष्टी बजावल्या. मी हॉटेलचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी पुढे केली. पत्ता माझ्या हाताने लिहिला होता, स्वच्छ अक्षरात: तेरावी गल्ली, आणि पुढे घराचा नंबर.

पाचएक मिनिटांत टॅक्सी थांबली. मी पैसे दिले, उतरले, आणि ती गेल्यावर वर पाहिलं.

हॉटेल नव्हतं. अर्धवट बंद शटरं, एक केशकर्तनालय, कुलूपबंद फाटक, भिंतीवर चढवलेली काटेरी तार. कोपऱ्यावर तीन पोरं मोटरसायकलला टेकून उभी होती. ती बहुधा नुसतीच उभी होती. पण त्या क्षणी माझ्या पाठीतून जे गेलं ते गेलं. फोन पर्समध्ये होता, आणि पहिल्याच पानावर पहिलीच ओळ होती, रस्त्यात फोन काढायचा नाही.

चूक माझी होती, ती अशी. इथे पत्ता फार शास्त्रशुद्ध असतो. गल्लीच्या नावापुढे नऊ-बेचाळीस असा नंबर असेल तर नवव्या अव्हेन्यूच्या कोपऱ्यापासून बेचाळीस मीटरवर. राउल आगिलार बात्रेस नावाच्या इंजिनियरने ही व्यवस्था बसवली, आणि ती इतकी सरळ आहे की परका माणूसही घर शोधतो. अट एकच. तेरावी गल्ली सोना दहात आहे, तशी सोना एकातही आहे, आणखीही ठिकाणी आहे. म्हणून सोना लिहायचाच. मला तो आपल्या वॉर्ड नंबरासारखा वाटला, पोस्टमनच्या सोयीचा. मी तो गाळला होता.

समोर एक किराणा दुकान होतं. इथे त्याला 'तिएंदा' म्हणतात. दर्शनी बाजू पूर्ण गजांची, निळ्या रंगाचे गज, मध्ये पुस्तक जाईल एवढी चौकोनी खिडकी. गिऱ्हाइकाने बाहेर उभं राहायचं, पैसे आत, वस्तू बाहेर. गजांना शांपूच्या पुड्यांच्या माळा, टोर्ट्रिक्स नावाच्या मक्याच्या चिप्सची पाकिटं, आत अंडी, मेणबत्त्या, फोन रिचार्जची जाहिरात. दुकानदारांकडून आणि बसवाल्यांकडून खंडणी उकळणाऱ्या टोळ्यांबद्दल सकाळीच ड्रायव्हरने गाडीची काच वर करून सांगितलं होतं. गज उगीच नव्हते.

आत माझ्याच वयाची बाई, झालरीचा अ‍ॅप्रन, मोठे खिसे. मी खिडकीशी जाऊन टोर्ट्रिक्स मागितलं, काहीतरी मागावं म्हणून. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या चिठ्ठीकडे पाहिलं, कोपऱ्यावरच्या पोरांकडे पाहिलं. मग बाजूच्या लोखंडी दाराची दोन कुलपं आणि एक आडणा काढला. "पासे, सेन्यो, पासे." मी आत गेले. मागे पुन्हा आडणा, पुन्हा दोन कुलपं.

एकतीस वर्षं मी जाळीच्या आत बसले. जाळीबाहेरचं माणूस आत घ्यायचं नाही, हा आमचा पहिला नियम. तो मी एकदाही मोडला नाही, एका म्हातारीला भोवळ आली तेव्हासुद्धा शिपायाला हाक मारली होती. आणि या बाईने, जिला माझी भाषा येत नव्हती, जिच्याकडे राखणीला कोणी नव्हतं, तिने दार उघडलं. तिने काय पाहून ठरवलं, मला अजून कळलेलं नाही. कदाचित पांढरे केस. कदाचित माझ्या हातातली, लहान मुलासारखी पुढे धरलेली चिठ्ठी.

कोल्ड्रिंकच्या क्रेटवर बसून लेकीला फोन लावला. ती मीटिंगमध्ये. हॉटेलला लावला. तिथली मुलगी म्हणाली, "नो तेंगा पेना," काळजी करू नका, गाडी पाठवते. शुक्रवारची दुपार, गर्दी, चाळीस मिनिटं.

त्या चाळीस मिनिटांत मी तिचा गल्ला पाहिला. सुट्टे कापलेल्या प्लास्टिकच्या डब्यात. पन्नास किंवा शंभरची नोट आली की ती डब्यात जात नव्हती. बाई सहज वळायची आणि मागच्या फळीवरच्या दुधाच्या पावडरीच्या डब्यात सरकवायची. पर्स, चोरखिसा आणि तिसरी जागा. मला हसू आलं. तिने विचारलं काय, मी परकराकडे बोट केलं. मग तीही हसली, आणि स्वतःच्या मोज्याकडे बोट केलं.

डब्यातल्या नोटा उलटसुलट होत्या. मला राहवेना. विचारून घेतलं आणि लावायला बसले, सगळी डोकी एका बाजूला. त्यांच्या चलनाचं नाव केत्साल, देशाच्या लांब शेपटीच्या पक्ष्यावरून; 1925 पासून आहे. एक केत्साल म्हणजे तेव्हा अकरा रुपयांच्या आसपास. दोनशेच्या नोटेवर राजे-सेनापती नाहीत, मारिंबाचे तीन संगीतकार आहेत. आणि प्रत्येक नोटेच्या कोपऱ्यात एक खूण होती, जी मी दोन दिवस नक्षी समजत होते. बाईचा नातू मागे बसून गृहपाठ करत होता. त्याने वही ओढली आणि मला शिकवलं. टिंब म्हणजे एक. आडवी रेघ म्हणजे पाच. शिंपला म्हणजे शून्य. माया लोकांचे आकडे, आणि ते दहाने नाही, विसाने वर चढतात. विसाच्या नोटेवर शिंपल्याच्या डोक्यावर एक टिंब. पन्नासच्या नोटेवर खाली दोन रेघा, वर दोन टिंबं. दोन विसा आणि दहा.

माझी आजी असंच मोजायची! अंगठेबहाद्दर बाई, पण कापसाच्या वेचणीचे पैसे विसांच्या ढिगांनी मांडायची. "दोन विसा दहा, तीन विसा, पाच विसा शंभर." मी शाळेत गेल्यावर तिला हसले होते. त्या पोराला हे मराठीत सांगितलं. त्याने मान डोलावली आणि शंभरची नोट दाखवली: खाली शिंपला, वर एक रेघ.

गाडी आली. टोर्ट्रिक्सचे पैसे तिने घेतले, काटेकोर, सुट्टे मोजून परत दिले. वर काही घेतलं नाही. निघताना म्हणाली, "के ले वाया बिएन." सुखरूप जा.

रात्री लेक आधी रडली, मग ओरडली, मग जावयांना फोनवर सांगू का विचारलं. नको म्हटलं.

शनिवार

लेकीला सुट्टी. कालचा ड्रायव्हर क्लच बदलून दारात हजर, तोंड एवढंसं. सोना दोनमधला उठावाचा, म्हणजे डोंगर-दऱ्या उंचसखल घडवलेला, नकाशा पाहायला गेलो. फ्रान्सिस्को वेला नावाच्या इंजिनियरने 1905 मध्ये सगळा देश सिमेंटात घडवला, उघड्या मैदानावर, सुमारे अठराशे चौरस मीटर. आडवं प्रमाण दहा हजाराला एक, उभं दोन हजाराला एक; म्हणून डोंगर पाचपट ताणलेले, ज्वालामुखी म्हणजे वाळूत खोचलेल्या कणसासारखे. नद्यांना पाणी सोडतात, तळी भरतात. मचाणावर चढून पाहायचं. उपग्रह नाहीत, विमानं नाहीत, त्या काळात पायी आणि खेचरावरून मोजलेला देश. कोपऱ्यात बेलीझसुद्धा घडवलंय, कारण त्या भूमीवर ग्वाटेमालाचा दावा आहे, आणि तो आता आंतरराष्ट्रीय न्यायालयात आहे. सिमेंटात मात्र निकाल लागून गेलाय.

मी कोबान शोधत होते. उत्तरेकडे, ढगांच्या डोंगरांत, आल्ता वेरापास प्रांतात. वेलची तिथली. शंभरेक वर्षांपूर्वी एका जर्मन कॉफीमळेवाल्याने आपल्याकडचं हे पीक तिथे नेलं, ते असं माजलं की निर्यातीत ग्वाटेमाला भारताच्या पुढे गेला. बहुतेक माल अरबांच्या कॉफीत जातो. इथली माणसं ती खात नाहीत. हे खरं की खोटं ते बघायला कॅथीड्रलमागच्या मध्यवर्ती बाजारात गेलो. 1976 च्या भूकंपात जुना बाजार पडला, नवा जमिनीखाली बांधला. वर टोपल्या आणि कापड, खाली भाजी, फुलं, जेवण. मसालेवाल्या चार बायकांना 'कार्दामोमो' विचारलं. एकीने दालचिनी दिली, दुसरीने कबाबचिनी, तिसरीने शेंदरी बियांचा लाल लगदा. चौथी म्हणाली, ते तर परदेशी लोक खातात! शेवटी मिळाली ती सोना दहाच्या सुपरमार्केटात, चकचकीत डबीत, ह्यूस्टनच्या दुकानापेक्षा महाग.

बाजारात रेयेनितोस खाल्ले. पिकल्या केळ्याच्या लगद्यात काळ्या घेवड्याचं गोड पुरण भरून तळलेले. त्या पुरणात दालचिनी होती. मनात म्हटलं, इथे खरी जागा वेलचीची.

परत येताना ड्रायव्हरने एक जागा दाखवली. 30 मे 2010 ला आगाथा वादळाच्या पावसात इथे जमीन फाटली आणि चौकातली तीन मजली इमारत गिळून गेली. वीसेक मीटर रुंद, सरळ विहिरीसारखं गोल भोक. शहराखाली ज्वालामुखीची राख आणि हलका दगड, गटाराचं पाणी झिरपत राहिलं की आतून पोकळी होते. त्याच्या तीनच दिवस आधी पाकाया ज्वालामुखी फुटून राखेने विमानतळ बंद पडला होता. एवढं सांगून त्याने बदललेल्या क्लचची किंमत सांगितली. ते त्याला जास्त लागलं होतं.

संध्याकाळी सहा वाजून गेले होते, गाडी एका निवासी गल्लीत वळली. दोनतीन घरांच्या दारात लाल दिवे. लेकीने माझा हात धरला आणि इंग्रजीत पुटपुटली, "कुठे आणलंय याने?" ड्रायव्हर उतरला, एका लाल दिव्याखाली गेला, दार वाजवलं. दार फटीएवढं उघडलं. परत आला तो केळीच्या पानात बांधलेल्या तीन पुड्या घेऊन. तामाल. शनिवारी संध्याकाळी ज्या घरात तामाल विकायला आहेत तिथे लाल दिवा लागतो, हे इथल्या पोरासोरालाही ठाऊक आहे. मक्याचं उकडलेलं पीठ, आत टोमॅटोचा रस्सा, मांसाचा तुकडा, एक ऑलिव्ह. ही कालच्या क्लचची माफी होती. गाडीत बसूनच खाल्लं, काचा वर करून.

रविवार

रविवारी सकाळी आव्हेनिदा लास आमेरिकास हा मोठा रस्ता गाड्यांना बंद असतो, माणसांना मोकळा. सायकली, कुत्री, ढकलगाड्यांतली बाळं, झुंबा नाचणाऱ्या शंभरेक बायका. आणि लोकांच्या हातात चक्क फोन, उघडे, फोटो काढत. गेले तीन दिवस मी या शहरात कोणाच्या हातात रस्त्यावर फोन पाहिला नव्हता. बंदूकवाले पहारेकरीही होते, एकजण पोराला सायकलवर बसवून मागून धरत होता. जॅकरांडा फुलायला लागला होता, जांभळी फुलं डांबरावर. डोक्यावरून विमान एवढ्या खालून गेलं की पोटाचे खिळे मोजावेत. लेकीने माझा फोटो काढला. त्यात मी पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरली आहे, सवयीने.

दुपारी विमान. ह्यूस्टनला कस्टमवाल्याने विचारलं, खाण्याचं काही? वेलची म्हटलं, आणि डबी दाखवली. त्याने वास घेतला आणि जाऊ दिलं.

आठवड्याने चष्म्याचा स्क्रू ढिला झाला म्हणून चष्म्याचं घर उघडलं, तर आतल्या मखमली फडक्याखाली चार घड्या केलेली एक नोट. खाली शिंपला, वर एक रेघ. पाच विसा शंभर. तिसरी जागा ती. पाच दिवसांत चोराला सापडली नाही, आणि मलाही नाही.